आधी पट्टी, मग जनुक

अंगणवाडीत मुलांचा दंडघेर मोजायची एक पट्टी असते. पातळशी, तीन रंगांची: हिरवा, पिवळा, लाल. मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध ती गुंडाळायची, टोक खाचेतून ओवून ओढायचं आणि खिडकीत दिसेल तो आकडा वाचायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल. मूल तीव्र कुपोषित म्हणून वहीत चढतं. कॉलेज संपल्यावर काही महिने मी एका पोषण-पाहणीत हे काम केलं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी आम्हा तिघांना एकाच मुलाचा दंड मोजायला लावला आणि आकडा मोठ्याने न सांगता चिठ्ठीवर लिहायला सांगितला. माझ्या चिठ्ठीवर ११.३, शेजारच्याच्या चिठ्ठीवर ११.६, तिसरीच्या ११.४. बाई तिन्ही चिठ्ठ्या समोर मांडून म्हणाल्या, "दोघांच्या हातात पोर आजारी, एकाच्या हातात बरं. मधल्या दोन मिनिटांत पोर बदललं का रे?"

बदलत होता तो ओढण्याचा जोर. मी पट्टी कातडीत रुतेस्तोवर ओढत होतो, शेजारचा पोराला दुखेल म्हणून सैल सोडत होता. पुढचे दोन दिवस आम्ही गावात फिरकलोच नाही. त्याच आठ-दहा पोरांचे दंड पुन्हा पुन्हा मोजत बसलो. पोरं वैतागली, राजगिऱ्याच्या लाडवांवर त्यांना थोपवून धरलं. तिघांचे आकडे दोन मिलिमीटरच्या आत यायला लागले तेव्हा कुठे बाईंनी पाहणीची वही हातात दिली.

"आयुर्वेदातली प्रकृती जनुकांनी सिद्ध केली" असा मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो, तेव्हा मला त्या तीन चिठ्ठ्या आठवतात.

त्या मजकुरामागचं संशोधन खरं आहे, हे आधी सांगून टाकतो. त्यातलं बरंचसं तर आपल्या पुण्यातलं. २००५ साली पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने एचएलए या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांतले फरक आणि वात-पित्त-कफ प्रकृती यांचा काही मेळ लागतो का, हे तपासलं. २००८ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळेत मिताली मुखर्जी आणि आयुर्वेदाच्या पदवीधर भावना पराशर यांच्या गटाने ठळक एकेका प्रकृतीची निरोगी माणसं घेऊन त्यांच्या रक्तात कोणती जनुकं किती कामाला लागलेली आहेत ते पाहिलं. २०१० मध्ये याच गटाने ईजीएलएन१ या जनुकातला फरक प्रकृतींशी जोडून दाखवला. प्राणवायू कमी असलेल्या उंच पहाडी मुलखात शरीर कसं निभावतं, याच्याशी हे जनुक निगडित आहे. मग २०१५ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेतून के. थंगराज यांच्या गटाचा मोठा अभ्यास आला. श्रीचित्रा हृदयझडप घडवणारे शल्यविशारद एम. एस. वलियाथन त्यात होते, पटवर्धनही होते. ही माणसं गंभीर आहेत. टीव्हीवर गोमूत्राचे फायदे सांगणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवणं अन्याय होईल.

माझं भांडण संशोधनापेक्षा त्याच्या क्रमाशी आहे. आपण प्रकृतीला जनुकाचा दाखला मागायला निघालो, पण त्याआधी प्रकृती मोजता येते का, दोन माणसांना एकसारखी मोजता येते का, हा प्रश्न घाईघाईत ओलांडला. जनुकाला मान मोठा. टेपपट्टीला कोण विचारतो?

२०१५ चाच अभ्यास घ्या. वीस ते तीस वयाचे ३४१६ निरोगी पुरुष तपासले. त्यांतून ज्यांची प्रकृती ठळकपणे एकाच बाजूची होती असे २६२ जण निवडले आणि त्यांच्या जनुकांची तुलना केली. जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डीएनएत, ५२ जागी फरक सापडले. पीजीएम१ नावाचं, शरीरातल्या साखरेच्या व्यवहाराशी संबंध असलेलं जनुक पित्त प्रकृतीशी जुळलं. बातमी इथे संपते. आता हे ५२ फरक कुठल्या चाळणीतून आले ते पाहू. निव्वळ योगायोगाने एखाद्या जागी असा फरक दिसण्याची शक्यता लाखात एक, इतकी ती चाळणी बारीक होती. ऐकायला कडक वाटते. पण अशा अभ्यासात एकाच वेळी लाखो जागा तपासतात, म्हणून लाखात एकची गंमत आपोआपच चार-दोन ठिकाणी घडते. जगभर या कामासाठी जी चाळणी रूढ आहे ती दोन कोटींत एक इतकी बारीक आहे. संशोधकांनी आकडे दहा लाख वेळा पिसून योगायोगाचा हिशेब केला होता, तेव्हा ते बेफिकीर होते असं नाही. पण एवढ्यावर "सिद्ध झालं" म्हणता येत नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांवर तेच फरक पुन्हा दिसायला हवेत. आणि उरलेल्या ३१५४ जणांचं काय? तुम्ही-आम्ही बहुतेक त्यांच्यातच मोडतो: थोडा वात, थोडं पित्त, पावसाळ्यात कफ.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. प्रकृती ठरवताना वैद्य काय बघतात? बांधा, उंची, कातडीचा पोत आणि रंग, केस दाट की विरळ, सांधे, दात, भूक, झोप, चालणं, बोलणं. यांतल्या बऱ्याच गोष्टी आई-बापाकडून येतात. आता सडपातळ, कोरड्या कातडीची, विरळ केसांची माणसं एका बाजूला काढली आणि धिप्पाड, तुकतुकीत, दाट केसांची दुसऱ्या बाजूला, तर त्यांच्या जनुकांत फरक सापडणारच. न सापडता तरच नवल. नुसती उंचीवार रांग लावली असती तरी फरक सापडले असते. तेव्हा खरा प्रश्न असा: उंची, वजन, कमरेचा घेर, वय आणि चार रक्ततपासण्या हाताशी असताना, वर "ही व्यक्ती पित्तप्रधान आहे" हे कळल्याने काही जास्तीचं कळतं का? कुणाला मधुमेह होईल, कुणाला कुठलं औषध लागू पडेल, याचा अंदाज त्याने सुधारतो का? सुधारत असेल तर मी पहिला टाळी वाजवीन. पण हा प्रश्न नीट विचारायचा तर आधी प्रकृतीचा आकडा भरवशाचा हवा.

आणि तो तसा आहे का, हे पाहणारे अभ्यास जनुकांच्या अभ्यासांइतके गाजले नाहीत. २०१३ साली वृंदा कुरंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पंधरा वर्षं अनुभव असलेले पंधरा नोंदणीकृत वैद्य, आणि अठरा ते पस्तीस वयाची वीस निरोगी माणसं. प्रत्येक वैद्याने प्रत्येकाची नाडी, जीभ आणि प्रकृती स्वतंत्रपणे तपासायची. वैद्यांची आपसातली सहमती किती निघाली? कच्ची ते मध्यम. म्हणजे आमच्या तीन चिठ्ठ्यांसारखीच अवस्था. फरक इतकाच की आम्हाला नंतर दोन दिवस पोरांपुढे बसवून ठेवलं होतं.

स्वतःवर बेतलेलं सांगतो. आमच्या सोसायटीत एकदा प्रकृती-तपासणीचं शिबिर भरलं होतं. छापील प्रश्नावली, शेवटी वैद्यांची भेट. "झोप कशी लागते?" या प्रश्नापुढे मी "सावध, लगेच मोडणारी" यावर खूण केली. शेजारी उभी असलेली बायको कागदात डोकावून म्हणाली, "सावध? परवा पहाटे खाली ट्रान्सफॉर्मर उडाला, अख्खी बिल्डिंग जिन्यात होती आणि तू घोरत होतास." मग तिने दुसरा कोरा कागद घेतला आणि माझ्याबद्दलची तीच प्रश्नावली स्वतः भरली. भूक, राग, बोलण्याची पट्टी, निर्णय घ्यायला लागणारा वेळ: निम्म्याहून अधिक उत्तरं वेगळी. माझ्या कागदावरून मी वात-पित्त निघालो, तिच्या कागदावरून कफ-पित्त. वैद्यबुवा भले माणूस, हसून म्हणाले, "पित्त तरी दोन्हीकडे आहे ना!" दोन्ही कागद मी जपून ठेवलेत.

यावर वैद्य मंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. प्रकृती ही प्रश्नावलीची गोष्टच नव्हे, ती अनुभवी नजरेला आणि बोटांना कळते. सेंटिमीटरच्या भाषेत तिला कोंबू नका. यातला यंत्रांबद्दलचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. माझी आजी दिवाळीत पाक करायची तो थर्मामीटर लावून नव्हे. चमच्यातला थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं अलगद लांब करायची; एक तार न तुटता ओढली गेली की एकतारी. घरात चार बायका असल्या तरी एकतारी कुठला आणि दोनतारी कुठला यावर भांडण नसायचं. माहेरवाशिणीला नागपुरात जमलेला एकतारी पाक सावंतवाडीतही एकतारीच असतो. याला मी मोजमाप म्हणतो. यंत्र लागत नाही, पण दोन शहाण्या बोटांचं एकमत लागतं. नाडीवर ठेवलेल्या तीन बोटांकडून मी एवढंच मागतो आहे. अनुभवाचा दाखला देणाऱ्याने अनुभवी माणसांचं आपसात जमतं हे दाखवायला नको?

दुसऱ्या बाजूचे लोक इथे खूश होतील, म्हणून त्यांचाही समाचार घेतो. "वैद्यांचं आपसात जमत नाही, म्हणजे सगळं थोतांड," असं म्हणणाऱ्या डॉक्टर मित्रांना मी अमेरिकेतल्या क्षयरोगाच्या एक्स-रेची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे छातीच्या एक्स-रेंचं वाचन तपासलं गेलं. तेच फोटो वेगवेगळ्या तज्ज्ञांना दिले, आणि काही काळाने त्याच तज्ज्ञांना पुन्हा दिले. तज्ज्ञांचं एकमेकांशी पटेना, आणि कित्येकांचं स्वतःच्याच आधीच्या वाचनाशी पटेना. म्हणून कुणी एक्स-रे यंत्र भंगारात काढलं नाही. एक फोटो दोघांनी वाचायचा अशी पद्धत पुढे आली, वाचनाचे निकष घासूनपुसून घेतले. मोजमापात चूक सापडणं ही लाजेची गोष्ट नाही. ती शोधायचीच नाही असं ठरवलं तर मात्र तिचं पुढे काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या देशात घडून गेलेलं आहे.

हर्बर्ट रिझली नावाचा इंग्रज अंमलदार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात नाकं मोजत होता. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. त्याने निष्कर्ष काढला की जातीची सामाजिक पायरी जितकी वर, तितकं नाक अरुंद. हाच रिझली १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, आणि नाकाच्या मापातून निघालेली वंशांची उतरंड सरकारी ग्रंथांत जाऊन बसली. शिडी आधीच डोक्यात होती. नाकं तिच्या पायऱ्यांवर मांडली गेली.

ती शिडी हलायला सुरुवात झाली तीही मोजमापानेच. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅननडेल याची गाठ प्रशांतचंद्र महालनोबिस या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाशी पडली. अॅननडेलकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं होती आणि त्यांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. महालनोबिसांनी ती मापं घेतली, आणि त्या नादात दोन समूहांमधलं अंतर अनेक मापं एकदम विचारात घेऊन कसं काढायचं, याचं गणित पुढच्या काही वर्षांत उभं राहिलं. १९३६ साली ते पूर्ण रूपात आलं. आज जगातल्या प्रत्येक संख्याशास्त्राच्या वर्गात 'महालनोबिस अंतर' शिकवतात. याच महालनोबिसांनी १९३३ मध्ये रिझलीचे मूळ आकडे बाहेर काढून तपासले आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. चाळीसेक वर्षं ज्या आकड्यांवर सिद्धान्त उभे होते, ते आकडे तोवर कुणी नीट उलटून पाहिले नव्हते!

दुसरं नाव आपल्या घरचं. इरावती कर्वे यांना आपण ललित लेखिका म्हणून जास्त ओळखतो. पण १९२७ नंतर त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत विशिष्ट असमानता असते आणि ती त्याच्या वरचढ बुद्धीशी जोडलेली आहे, असा फिशरचा कयास होता. ही पंचविशीही न गाठलेली मराठी मुलगी, परक्या देशात, मार्गदर्शकाच्या संस्थेत बसून मापं घेत राहिली आणि प्रबंधात लिहून मोकळी झाली की असमानता आहे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. पुढे नाझींच्या वंशशास्त्राला ज्याने बळ दिलं, तो हा फिशर. विद्यार्थिनीकडे होतं काय? कॅलिपर, आणि वाचलेला आकडा वाचला तसा लिहायची सवय.

परत आल्यावर डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी महाराष्ट्रभरची माणसं मोजली. १९५१ साली त्या कामाचा जो ग्रंथ निघाला, त्यात त्यांच्या जोडीला होते वि. म. दांडेकर, दारिद्र्यावरच्या दांडेकर-रथ अभ्यासातले दांडेकर तेच. मानववंशशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी. आज जनुकशास्त्रातल्या प्रत्येक प्रकल्पात हीच जोडी लागते आणि आयुर्वेदाच्या अभ्यासात दुसरी खुर्ची बऱ्याचदा रिकामी असते.

आता पुण्यातलीच आणखी एक गोष्ट. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात झालेलं सगळ्यात देखणं मोजमाप. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून पाठपुरावा केला. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं, आपली बाळं रोडकी. पण इथे नुसतं वजन केलेलं नव्हतं. पोटाचा घेर, दंडाचा घेर, लांबी, आणि खांद्याच्या पात्याखाली कातडीची चिमूट धरून कॅलिपरने तिची जाडी. हे सगळं बाळ जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत. पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पात्याखालची चरबी? ती मात्र साहेबाच्या बाळाच्या बरीच जवळ. किडकिडीत दिसणारं बाळ आतून लठ्ठ होतं. सडपातळ भारतीयांना तरुणपणीच मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक मोठा धागा त्या चिमटीत सापडला. जनुकं नंतर आली.

याज्ञिकांनी हे स्वतःच्या अंगावरही दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बीएमआय हे माप एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले याने बसवलेलं. ते आपल्या अंगाला ढगळ होतं, हे एका फोटोने सांगितलं. पाश्चात्त्य मापं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ही आयुर्वेदवाल्यांची जुनी तक्रार. ती खरी ठरली, पण ज्याने आणखी बारकाईने मोजलं त्याच्या हातून.

गंमत अशी की याज्ञिकांच्या गावांतून निघणारी गोष्ट आणि चरकसंहिता इथे एका वळणावर भेटतात. संहितेच्या विमानस्थान या भागातल्या आठव्या अध्यायात प्रकृती कशाकशाने घडते ते सांगितलं आहे: शुक्रशोणित, म्हणजे आई-बापाचं बीज, काल आणि गर्भाशय, आईचा आहारविहार, आणि महाभूतांचे विकार. बीज हा त्यातला एक घटक झाला. मग प्रकृतीचा शोध फक्त डीएनएत घेणारे चरकाला अर्धवट वाचत नाहीत काय? पुण्याजवळच्या त्या गावांत ज्या गरोदर बायकांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. आईच्या शरीरातल्या बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांच्या प्रमाणाचा संबंध मूल सहा वर्षांचं झाल्यावर त्याच्या इन्सुलिनच्या कामाशी लागला. यावरून "आमच्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं" अशी आरोळी कृपया ठोकू नये. चरकाला बी-१२ ठाऊक नव्हतं. आईच्या ताटाकडे बघा एवढं त्याने म्हटलं होतं.

त्याच अध्यायात रोग्याच्या दहा परीक्षा आहेत आणि त्यांतली एक चक्क 'प्रमाण', म्हणजे मापं. एकक प्रत्येकाचं स्वतःचं बोट. चरक सांगतो शरीराची उंची ८४ अंगुळं, आणि दोन्ही हात पसरल्यावरची लांबीही तेवढीच असावी. सुश्रुत मात्र १२० अंगुळं म्हणतो. दोन आचार्यांत तब्बल ३६ बोटांचा फरक! टीकाकारांनी त्यावर तोडगा काढला की सुश्रुताचा माणूस हात वर करून मोजलेला असावा. म्हणजे कोण कसं मोजतं याचा वाद या परंपरेला नवा नाही. रात्री जेवणं झाल्यावर टेप घेऊन मी घरातल्या सगळ्यांना भिंतीला टेकवलं. उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी यांत माझ्या बाबतीत एक सेंटिमीटरचा फरक, मुलीच्या बाबतीत शून्य. अंगुळांत मोजायला गेलो तेव्हा बोट कुठे धरायचं, पेरावर की मधोमध, यावरच आमचं अडलं.

जुनं औषध आणि मोजमाप यांची गाठ पडली की काय होतं, याचा मुंबईतला दाखला तर जगाने डोक्यावर घेतला होता. सर्पगंधा वेड आणि निद्रानाशासाठी आपल्याकडे वापरत आले होते. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावर होणारा परिणाम लिहून ठेवला. पण जग जागं झालं ते १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापले तेव्हा. सर्पगंधा तीच होती. मध्ये एक गोष्ट आली होती, दंडाला पट्टा बांधून पारा वर चढवणारं रक्तदाबाचं यंत्र. औषध घेण्याआधी किती, नंतर किती, हे कुणालाही वाचता येत होतं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे मोठ्या मात्रेत रिसर्पिन मनाला खिन्न करतं हेही लक्षात आलं.

मोजमाप नेहमी आपल्याच बाजूने कौल देतं असंही नाही. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी गुग्गुळाचा केवढा गाजावाजा झाला होता. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे, कुणाला गुग्गुळ आणि कुणाला बिनऔषधाची गोळी हे त्यांना न सांगता तपासलं, तर गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं. आपल्याकडचे आधीचे प्रयोग वेगळं सांगत होते. खाणं वेगळं, माणसं वेगळी, मात्रा वेगळी, असं काहीही कारण असू शकेल. ते मोजूनच ठरवावं लागेल. "परदेशी कारस्थान" म्हणून सुटका नाही.

आता सरकारी मोहिमेकडे येतो. २०२४ च्या नोव्हेंबरात 'देश का प्रकृती परीक्षण' अभियान सुरू झालं. स्वयंसेवक, फोनवरचं अॅप, प्रश्न, आणि शेवटी तुमची प्रकृती. एक कोटीहून अधिक लोकांची तपासणी झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत सांगता समारंभ होऊन गिनीज विश्वविक्रमांची प्रमाणपत्रं मिळाली. एवढ्या लोकांपर्यंत पोचणं सोपं नाही, ते काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचं कौतुक आहे. पण एक कोटी नोंदी म्हणजे एक कोटी मोजमापं होत नाहीत. आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापलेलं असतं आणि आत वरच्या थराखाली भलतीकडचा माल निघतो, हे दर एप्रिलात आपण बघतो. अशा कोटभर पेट्या गोळा करून कोयींचं डीएनए काढलं, तर हापूसचं जनुक सापडेल का? पेट्या वाढवल्याने हा प्रश्न सुटत नाही. आणि तिकडे जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजांतल्या दहा हजार भारतीयांचे जीनोम जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले केलेत. म्हणजे आता कुणीतरी या दोन ढिगांची सांगड घालायला निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याआधी माझ्या मागण्या अगदी स्वस्त आहेत. अॅपमधले सगळे प्रश्न आणि गुण द्यायची पद्धत जाहीर करा. त्या कोटीमधली हजार माणसं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येकाला तीन वैद्यांकडे पाठवा, एकाचं निदान दुसऱ्याला न कळवता. जमलं नाही तर वैद्यांना आमच्या बाईंसारखं एखाद्या खोलीत बसवा, जमेपर्यंत. प्रत्येकाची उंची, वजन, कमरेचा घेर टेपने मोजून शेजारी लिहा, म्हणजे प्रकृतीने त्यात भर काय घातली ते दिसेल. २०११ मध्ये पुण्यातल्याच एका अभ्यासात १३२ जणांमध्ये औषधं पचवणाऱ्या सीवायपी२सी१९ या जनुकाचा आणि प्रकृतीचा मेळ दिसला होता. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी ज्याच्या भरवशावर चालते ते हे जनुक. तो मेळ चार गावांत पुन्हा लागतो का बघा. लागला तर हृदयरोग्यांच्या कामाची गोष्ट आहे.

आणि एक परीक्षा तर खुद्द शास्त्रानेच सांगून ठेवली आहे. प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर तीच राहते, असं आयुर्वेद म्हणतो. मग त्याच हजार जणांना पाच वर्षांनी पुन्हा बोलवा. पुन्हा त्याच खुणा, तेच प्रश्न, वैद्य वेगळे. किती जणांची प्रकृती तीच निघते? याला ना प्रयोगशाळा लागते, ना जीनोम, ना परदेशी यंत्र. चहा-बिस्किटांचा खर्च धरला तरी एका समारंभापेक्षा कमी.

माझे दोन कागद कपाटात आहेत, त्यांवर तारीख आहे. पाच वर्षं झाली की तीच प्रश्नावली मी पुन्हा भरणार आहे. बायको म्हणते झोपेचा प्रश्न तिलाच विचारा, कारण त्या वेळी मी हजर नसतो.